संग्राहकाने बाहुलीशी खेळू नये

१ जानेवारी १९८८, शुक्रवार

नवीन वर्ष. गोवा घटकराज्य झाल्यावरचं पहिलं. विचार केला, प्रत्येक सुशिक्षित माणसानं आपल्या राज्याला काहीतरी द्यायला हवं. आमच्या घरात सुशिक्षित मी एकटीच, तेव्हा जबाबदारी माझ्यावरच येते. मी बाहुल्यांचं संग्रहालय देणार.

डिचोलीच्या वाचनालयात एका जुन्या मासिकात लेख वाचला. परदेशात मोठमोठे लोक बाहुल्या जमवतात. बाहुली हे खेळणं नसून इतिहासाचं साधन आहे. नियम उतरवून घेतले. संग्राहकाने बाहुलीशी खेळू नये. तिला नाव ठेवू नये, क्रमांक द्यावा. तिच्याशी बोलू नये.

तिन्ही नियम सोपे आहेत. आजपासून पाळणार.

रात्री जेवताना घरच्यांना योजना सांगितली. बाबा मान डोलावत ऐकत होते, ते बी.ए. या शब्दाला नेहमीच मान डोलावतात. दादा दिवसभर खाणीवर ट्रक चालवून आलेला. तो म्हणाला, चार वर्सां कॉलेजीत धाडली आनी आतां बावल्यांनी खेळटा. त्याला विषय समजला नाही. वहिनीनं फक्त विचारलं, कपाटात खाली अंथरायला जुनी उशीची खोळ देऊ का. तिला विषय समजला नाही तरी खोळ चांगली आहे.

१० जानेवारी, रविवार

बाबांनी माझ्या पदवीच्या फ्रेमसाठी काचेचं शोकेस करून घेतलं होतं. फ्रेम भिंतीवर हलवली. कपबश्यांचा सेट खालच्या फळीवर. वर संग्रह.

क्रमांक १: चिंध्यांची बाहुली, वीस वर्षांपूर्वीची, म्हणजे जवळजवळ पुरातन. एक डोळा. मालक मीच.
क्रमांक २: सावंतवाडीची लाकडी नवरा-नवरी. नवरी कुत्र्यानं नेली, नवरा शाबूत.
क्रमांक ३: मान हलवणारी नाचरी. पणजीच्या दुकानातली, आधुनिक विभाग.

वहिनीनं महिला मंडळात शिकून जळक्या बल्बची एक बाहुली केली आहे. बल्बचं डोकं, लोकरीचे केस, ब्लाऊजच्या तुकड्याचं परकर-पोलकं. ती पण ठेवू का, असं तिनं विचारलं. संग्रह आणि हस्तकला यांतला फरक मी तिला शांतपणे समजावून सांगितला. तिला पटलं. निदान ती काही बोलली नाही.

२४ जानेवारी, रविवार

मोठा दिवस. तळ्याकडच्या एका जुन्या घराची कौलं बदलत होते, मागच्या उकिरड्यात चिनी मातीचं बाहुलीचं डोकं सापडलं. गोरं, गालावर गुलाबी, नाक किंचित फुटलेलं. नक्की पोर्तुगीज काळातलं. धड नाही. धड मिळेपर्यंत नोंद अशी: क्रमांक ४, मस्तक.

आईनं ते पाहिलं आणि उचलून माडाच्या मुळाशी ठेवून आली. तुटलेलं डोकं घरात नको. मी परत आणलं. तिनं परत नेऊन ठेवलं. शेवटी वहिनीनं मधला मार्ग काढला. सेटमधल्या एका कपात डोकं बसवलं, म्हणजे ते तुटलेलं वाटत नाही, नुसतं बाई कपातून वर बघतेय असं वाटतं. आई म्हणाली, आतां त्या कपातसून च्या कोण पितलो. पण ठेवू दिलं.

रोझीचे डोळे निळे आहेत.

(रोझी हे नाव नाही. लक्षात राहण्यासाठी केलेली खूण आहे.)

४ फेब्रुवारी, गुरुवार

मावसभाऊ बहारिनहून आला, त्यानं मोठी प्लास्टिकची बाहुली दिली. निजवली की डोळे मिटते, पोट दाबलं की रडते. क्रमांक ५. आधुनिक विभाग एकदम भक्कम झाला.

जेवताना मी सेल घालून पाहत होते आणि ती अचानक रडायला लागली. आई वाढता वाढता म्हणाली, ह्या घरात रडटा तें सुद्दां प्लास्टिकाचें. वहिनीच्या लग्नाला चार वर्षं होऊन गेली, अजून मूल नाही, म्हणून आईचं हे असं सारखं चालतं. वहिनी ताट तसंच ठेवून विहिरीवर गेली. घागर इथे भरलेली असताना.

मी असल्या जुनाट विचारांच्या पूर्ण विरुद्ध आहे. तिथल्या तिथे बोलणारच होते. पण सेल उलटे बसले होते आणि बाहुली थांबेना.

संकल्प: पुढच्या वेळी वहिनीची बाजू घ्यायची.

६ मार्च, रविवार

ठरलं. ३० मे, घटकराज्याचा पहिला वाढदिवस. त्या दिवशी माझ्या संग्रहाचं प्रदर्शन. शाळेला सुट्टी असेल, एक वर्ग मिळेल. गोकुळदास हेडमास्तरांना भेटले. ते म्हणाले, चावी देतो, बालवाडीच्या पोरांसाठी आहे ना. मी म्हटलं, राज्यासाठी. ते म्हणाले, बरं, पण बाकांवर उभं राहू नका.

रात्री पाट्यांचा प्रश्न निघाला. बाबा म्हणाले मराठीत, दादा म्हणाला कोंकणीत. दोघंही हे कोंकणीतच भांडले. भात निवला. मी निर्णय दिला की दोन्हींत लिहीन. मग हिशेब केला तर पाट्या बाहुल्यांपेक्षा मोठ्या होतायत.

प्रदर्शनाला एक मुख्य आकर्षण हवं. लेखात तसं म्हटलंय. मस्तक चांगलं आहे, पण कपात आहे.

१८ एप्रिल, सोमवार

मुख्य आकर्षण मिळालं.

आज म्हापशाला मिलाग्र सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, फेस्त. आम्हा हिंदूंतलेही पुष्कळ लोक तेल घालायला जातात. मी अभ्यासासाठी गेले. इगर्जीबाहेर, म्हणजे चर्चबाहेर, मेणाच्या वस्तू विकणाऱ्या बायका बसतात. ज्याचं जे दुखतं ते मेणाचं घ्यायचं आणि सायबिणीला वाहायचं. हात, पाय, डोळे, काळीज. आणि त्यांच्यात एक बाळ. वीतभर, हात जोडलेलं, पोट पुढे, चेहरा अगदी शांत. ज्यांना मूल हवं असतं ते लोक वाहतात म्हणे. इतका सुंदर नमुना, आणि आजवर एकाही संग्राहकाचं लक्ष गेलेलं नाही.

विकणाऱ्या बाईला मी साचा कुणाचा, किती जुना, असे प्रश्न विचारले. तिनं मला घोव कितें करता असं विचारलं. मी म्हटलं, माझं लग्न झालेलं नाही. तिनं एकदा माझ्या पोटाकडे पाहिलं. मग बाळ जुन्या पेपरात गुंडाळून माझ्या हातात दिलं, हात तसाच धरून ठेवला आणि म्हणाली, भियूं नाका गो बाय, सायबीण सगळ्यांक पळयता. म्हणजे सगळ्यांकडे बघते.

अभ्यासू माणसाबद्दल साध्या लोकांना किती आदर असतो.

गर्दीत आमच्या शेजारच्या शेवंतीकाकी तेलाची बाटली घेऊन रांगेत दिसल्या. मी लांबूनच बाळ वर धरून त्यांना दाखवलं. त्यांच्या हातून बाटली सुटता सुटता राहिली.

२० एप्रिल, बुधवार

संग्रहाची कीर्ती पसरतेय. नळावर बायका मी गेले की बोलणं थांबवतात आणि माझ्याकडे नीट बघतात. एकीनं मला रांगेत पुढे जाऊ दिलं आणि घागर पण उचलून दिली.

आईचं मात्र बिनसलंय. सकाळी शेवंतीकाकी आल्या, दोघी मागच्या दारी कुजबुजल्या. नंतर आईनं मला खोलीत घेतलं, दार लावलं. जेवण जातं का, आंबट खावंसं वाटतं का, असं काहीबाही विचारलं. मी म्हटलं, कैऱ्यांचे दिवस आहेत, सगळ्यांनाच वाटतं. ती मटकन खाली बसली. म्हणाली, पोरी, कितें जालां तें सांग, हांव रागार जावचें ना. मी म्हटलं, राग येण्यासारखं काय आहे, कला आहे. मग मी तिला मेणकाम, नवस आणि समाज यांवर जरा सविस्तर सांगितलं. मग तिनं कपाळावर हात मारला, देवाला साखर ठेवली आणि तडक शेवंतीकाकींकडे गेली. येताना शांत होती.

त्यांना काय सांगितलंस, विचारलं तर तांदूळ निवडायला बसली. बहुधा मी सांगितलं तेच, थोडक्यात.

२२ एप्रिल, शुक्रवार

तेच नव्हतं.

दुपारी वहिनी शोकेससमोर उभी. डोळे भरलेले. माझा हात धरून म्हणाली, सरूबाय, चार वर्षांत या घरात माझ्यासाठी कुणी एवढं केलं नाही. तू एकटी म्हापशाला उन्हात गेलीस, आणि मला सांगितलंसही नाहीस. मला आधी कळेना. मग उलगडलं. माझ्याबद्दल गावात भलतंच बोलणं उठलं होतं म्हणून आईनं शेवंतीकाकींना सांगून टाकलं, की बाळ सरूनं वहिनीच्या नवसासाठी आणलंय. शेवंतीकाकींना सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं.

वहिनीनं विचारलं, वाहायला कधी जायचं. तिच्या माहेरी केरीला तिच्या काकीनं असंच बाळ वाहिलं होतं, तिला दोन मुलं झाली.

खरं तर तिथेच सांगायला हवं होतं की हा क्रमांक ६ आहे आणि संग्रहातली वस्तू देता येत नाही. मी सत्य बोलणारी आहे. पण त्याच वेळी ती म्हणाली, प्रदर्शनाचे पडदे मी शिवून देते. तेव्हा मी म्हटलं, आधी ३० मे होऊ दे. हे खोटं नाही. ३० मे आधी व्हायचाच आहे.

५ मे, गुरुवार

उकाडा भयंकर. वहिनी रोज स्वयंपाक आवरून पडदे शिवते. सावंतवाडीच्या नवऱ्याला नवीन फेटा, नाचरीला शालू, रोझीला (क्र. ४) कपाभोवती झालर. छंदाचं बीज एकदा पेरलं की माणूस कसा बदलतो, याचं हे उदाहरण. मी काहीच केलं नाही, फक्त प्रेरणा दिली.

मेणाचं बाळ उन्हाळ्यानं थोडं पुढे झुकलंय. जोडलेले हात सुटत चाललेत आणि नाक बसल्यामुळे ते हल्ली थोडं बाबांसारखं दिसतं. वहिनीनं ते ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्याच्या मडक्याशेजारी ठेवलं. दुपारी मी पाणी प्यायला गेले तर फडकं सुकलं होतं आणि आई त्यावर पाणी शिंपडत होती. मला बघून म्हणाली, मडकें पाझरता.

मडकं दुसऱ्या बाजूला होतं.

तेव्हापासून दोघी आळीपाळीनं फडकं भिजवतात. काल तर भिजवता भिजवता तिथेच बसून गप्पा मारत होत्या. आई वहिनीला बसायला पाट सरकवून देताना मी पहिल्यांदाच पाहिली. संग्रहालयाला जतन विभाग असतो असं लेखात होतं. आपल्याकडे तो आपोआप सुरू झाला.

१५ मे, रविवार

प्रकाशयोजना. मुख्य आकर्षणावर शंभरचा बल्ब हवा. दादा होल्डर आणायला तयार झाला. वहिनी, जी कधी बोलत नाही, ती म्हणाली, बाळ वितळेल. मी समजावलं, प्रेक्षकांना दिसलं नाही तर उपयोग काय. ती म्हणाली, सायबिणीला अंधारातही दिसतं. दादा हातात वायर धरून एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. मग बाहेर जाऊन ट्रक धुवायला लागला. रविवारी.

वहिनीला एकदा स्पष्ट सांगायला हवं. उद्या सांगते.

२४ मे, मंगळवार

सांगायला गेले होते. प्रस्तावना म्हणून म्हटलं, संग्रहातली वस्तू आपली नसते, राज्याची असते. ती म्हणाली, राज्याची आणि देवाची. आणि फेट्याला टिकली लावू का, असं विचारलं. पुढचं राहिलं. ३१ मेला सांगणं जास्त योग्य होईल, तेव्हा सगळ्यांना मोकळा वेळ असेल.

पणजीला तीन साहेबांना आमंत्रणं पाठवली होती. उत्तर नाही. नकार असता तर कळवलं असतं, म्हणजे येणार. खुर्च्या वाढवल्या.

२९ मे, रविवार, संध्याकाळी

वर्ग सजला. दादानं सगळं ट्रकमधून आणलं. खनिजाची लाल धूळ नाचरीच्या गालांवर बसली, पण त्यानं तिला तेजच आलं. पडदे सुंदर. मधोमध स्टुलावर मेणाचं बाळ, वर शंभरचा बल्ब.

बल्ब लावून पाहिला. आम्ही पाट्या चिकटवेपर्यंत बाळाचा एक पाय मऊ होऊन स्टुलाला टेकला. वहिनी धावत आली, बल्ब विझवला, पदरानं वारा घालत बसली. मी म्हटलं, उद्या अधूनमधून लावू. स्टुलाला पाटी लावली: संग्रहाची वस्तू, स्पर्श करू नये.

वहिनी सातवी शिकलेली आहे. तिनं पाटी वाचली. मग परत वाचली. माझ्याकडे पाहिलं नाही. बाळापासून हात काढून घेतले, पदराला पुसले आणि म्हणाली, घरी भात टाकायचाय.

मला जेवण गेलं नाही. उद्याच्या उत्साहामुळे असणार.

३० मे, सोमवार, सकाळी ८

स्टूल रिकामं आहे.

म्हणजे अगदी रिकामं नाही. बाळाच्या जागी वहिनीची बल्बची बाहुली उभी आहे. पाटीही तशीच आहे.

दादा म्हणाला, वर्गाची चावी आईनंच मागून घेतली. सकाळच्या पहिल्या बसनं दोघी म्हापशाला गेल्या, बाळ केळीच्या पानात गुंडाळून. आई म्हणाली म्हणे, सून एकटी कशी जाईल. मी विचारलं, तू अडवलं का नाहीस. दादा खाली बघत म्हणाला, सरू, तें आमचें आशिल्लें गो. म्हणजे त्याचं आणि वहिनीचं होतं.

संग्राहकाच्या परवानगीविना मुख्य आकर्षण हलवणं हा गंभीर प्रकार आहे. यावर मी कडक भूमिका घेणार आहे. आता नाही, प्रेक्षक येतायत.

३० मे, दुपारी

पणजीचे साहेब अजून पोचले नाहीत. वाटेत असतील. हेडमास्तर आले, पंख्याखाली बसले, बाक मोजले आणि गेले.

मग शेवंतीकाकी आठ-दहा बायका घेऊन आल्या. त्या बाळच बघायला आलेल्या. खं आसा, खं आसा. मी सांगितलं, आई आणि वहिनी वाहायला घेऊन गेल्या. शेवंतीकाकींनी माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. म्हणाल्या, अशी नणंद म्हज्या नशिबांत आशिल्ली जाल्यार. दुसरी म्हणाली, शिकलेल्या मुली घर विसरतात म्हणतात, ही बघा. सगळ्यांनी मान डोलावली.

मी काही बोलले नाही. वर्गात गर्दी होती आणि सगळ्यांना समजावून सांगणं शक्य नव्हतं.

त्यानंतर पोरं शिरली. स्पर्श करू नये ही पाटी त्यांनी मोठ्यानं वाचली आणि मग क्रमांक ५ ला मांडीवर घेतलं. ती रडली, पोरं खूष. एका पोरीनं चौकशी केली, की फेटेवाल्या नवऱ्याची बायको कुठे. कुत्र्यानं नेली म्हटल्यावर सगळे गंभीर झाले. त्यांनी आपसांत ठरवलं की याचं परत लग्न करायला हवं. बघता बघता बल्बची बाहुली नवरी झाली, माझा रुमाल अंतरपाट. मंगलाष्टकं कुणालाच येत नव्हती.

ती मला म्हणावी लागली. पोरं भलतंच काहीतरी म्हणत होती, आणि परंपरेची नोंद चुकीची व्हायला नको. दोन वेळा म्हटली, कारण पहिल्यांदा अक्षता पुरल्या नाहीत. चिंधीला करवली केलं. रोझी कपातून सगळं बघत होती. तिला मी म्हटलं, तुझंही बघू, आधी धड मिळू दे.

हा खेळ नव्हता. प्रात्यक्षिक होतं.

३० मे, संध्याकाळी

दोघी आत्ता आल्या. एकाच छत्रीतून, उन्हानं लाल, हसत. हातात खाज्याची पुडी आणि म्हापशाचे पाव. आईनं सांगितलं, बाळ पोचेपर्यंत बरंच वाकलं होतं. वहिनीला रडू आलं तर आई म्हणाली, सायबीण बाळ मोजून घेत नाही. दोघींनी मिळून वाहिलं.

मी कडक भूमिका घ्यायला उभी राहिले. तेवढ्यात वहिनीनं माझ्या हातात खाजं ठेवलं आणि विचारलं, माझी बाहुली ठेवलीस ना स्टुलावर, काढून तर नाही टाकलीस. मी म्हटलं, तिचं लग्न झालं. आई म्हणाली, कोणें लायलें. मी खाजं खात होते, तोंड भरलेलं होतं.

मग आई सहज सांगावं तसं म्हणाली, तुझ्या नावानंही एक वाहिलंय.

मला वाटलं मेणबत्ती. तशी मी त्यांतली नाही, पण चांगल्या स्थळासाठी आईनं एखादी लावली तर माझी तात्त्विक हरकत नव्हती.

मेणबत्ती नव्हती. ज्याचं जे दुखतं ते. आईनं माझ्यासाठी मेणाचं डोकं वाहिलं.

मोठ्या माणसाचं घेणार होती. पण विकणारी तीच बाई निघाली. आईनं तिला मुलीच्या बाहुल्यांचं सगळं सांगितलं. तिला मी नीट आठवत होते. ती म्हणाली, तर मग हें पुरो, आणि टोपलीतून लहान मुलाच्या साइजचं काढून दिलं.

मी उरलेलं खाजं पुडीत ठेवलं. मग विचारलं, नाक-डोळे कोरलेले होते का. केस साच्यातले की वेगळे चिकटवलेले. आणि तसलंच अजून एखादं मिळेल का, कारण एक डोकं आपल्याकडे आहेच, जोडी झाली असती.

आईनं वहिनीकडे पाहिलं. वहिनी तिला म्हणाली, आजच तर वाहिलंय आई, गुण यायला थोडे दिवस लागतात.